वन्संची चादर अडते कुठे

महिनाअखेरीस तांब्याच्या तारा काढून टाकणार, असं टेलिफोन ऑफिसनं जाहीर केलं तेव्हा गल्लीत कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. तार हवी होती कोणाला? ज्याच्या त्याच्या खिशात फोन. आठी उमटली ती एकाच घरात, मागच्या खोलीत, जिथे शिवणाच्या टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी वहीएवढा मोडेम पंधरा-सोळा वर्षं गुरगुरत बसले होते. त्या घरातल्या बाईंनी नोटीस वाचली, घडी घातली, डुगडुगणाऱ्या मोडेमच्या एका पायाखाली सारली आणि म्हणाल्या, "बघू या कोण कोणाला काढतंय ते."

या बाईंना सगळे वहिनी म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी विणकामाचं मशीन घेतलं, आणि मशीनवाल्या बायकांसाठी बोर्ड काढला. बोर्ड ही इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीची चीज. आपल्या कॉम्प्युटरनं फोन लावायचा, वहिनींच्या कॉम्प्युटरनं तो उचलायचा, दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळून घ्यायचे, आणि मग पडद्यावर अक्षरं उमटायची. निरोप वाचावा, निरोप लिहावा, आणि मुख्य म्हणजे नक्षीची फाइल उतरवून घ्यावी आणि मशीनवर विणायला बसावं.

लाइन एकच. म्हणून आत एका वेळी एकच बाई, बाकीच्यांना फोन गुंतलेला. सुरुवातीला यावरून चांगली जुंपली. मग वहिनींनी पाळ्या लावून दिल्या. सकाळी शिंपीण, दुपारी झोप झाल्यावर रात्रपाळीची नर्स, दिवेलागणीला वन्सं, आणि असंच पुढं. आत शिरण्याआधी जो पडदा दिसतो त्याला त्या बोर्डाचं दार म्हणत. त्या दारावर वहिनींनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'एका वेळी एकीनंच यावं. आत कोणी असेल तर थांबावं.' खरं म्हणजे त्याची काही गरज नव्हती. आत कोणी असलं तर दारापर्यंत पोचताच येत नसे. पण नियम लिहून लावला की घराला वळण राहतं, असं वहिनींचं मत, आणि वहिनींच्या मतापुढं कोणी जात नसे.

जात असतील तर फक्त वन्सं. वन्सं म्हणजे वहिनींच्या यजमानांची थोरली बहीण. सगळा बोर्ड त्यांना वन्संच म्हणे, जणू साऱ्याजणी त्यांच्या भावजया. लांब, समुद्रकाठच्या घरात त्या एकट्या राहत. कान पार गेलेले. फोन कानाला लावला काय आणि भिंतीला लावला काय, सारखंच. पण जिभेची धार शाबूत होती आणि ती आता बोटांत उतरली होती. त्यांचा कॉम्प्युटर मशीनपेक्षा म्हातारा. बंद केला की सगळं विसरायचा, त्यामुळे त्यांची नक्षी वहिनींकडंच ठेवलेली असे. म्हणून रोज दिवेलागणीला वन्सं बोर्डावर येत, वहिनींना दोन टोमणे मारत, आपल्या नक्षीचा पुढचा पट्टा उतरवून घेत आणि पाळी संपायच्या आत निघून जात. पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी दुसरीच्या पाळीत पाऊल टाकलं नव्हतं.

त्या निघाल्या की थोड्या वेळानं वहिनींच्या खिशातला फोन वाजे. वन्संचा मुलगा, वहिनींचा भाचा, दुसऱ्या शहरातून विचारी, "मामी, आई आली होती?"

"आली होती. मला आळशी म्हणून गेली."

"मग ठीक आहे," म्हणून तो फोन ठेवी.

बस, एवढंच. पण या एवढ्यावर ती बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनपाशी राहत होती. नोटीस आली त्या आठवड्यात भाचा स्पष्टच बोलला. "मामी, लाइन गेली की मी आईला इकडं आणतोय. तिकडं पडलीबिडली तर कळणार कसं? फोन तिला ऐकू येत नाही, मोबाइलचा पडदा तिला दिसत नाही."

"आणि तिचं मशीन?"

"चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आमच्या. मशीन कुठं ठेवू?"

मुलगा वाईट नव्हता. त्याच्या काळजीत खोट काढायला जागा नव्हती, हीच वहिनींची अडचण. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांब. मी बोर्ड इंटरनेटवर नेते. वन्संचा कॉम्प्युटर तोच राहील, मशीन तेच राहील. फक्त मोडेम किंचाळणार नाही."

"नेशील खरी, पण आई येईल का?"

हा प्रश्न मात्र लाखमोलाचा होता.

तशा पेट्या मिळत. काडेपेटीहून जरा मोठ्या. एका बाजूनं जुन्या कॉम्प्युटरला सांगायचं, मी मोडेमच आहे हो. दुसऱ्या बाजूनं इंटरनेटला जोडून घ्यायचं. कॉम्प्युटर बिचारा फसतो आणि फोन लावल्यासारखा बोलत राहतो. वहिनींनी सगळ्याजणींना एकेक पेटी धाडली. वन्संची पेटी भाच्यानं सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवून दिली. इकडं वहिनींनी बोर्डाला इंटरनेटचं दार पाडलं. आणि पहिल्याच संध्याकाळी, जुनी लाइन बाजूला ठेवून, वन्सं नव्या वाटेनं आल्या. वहिनी मागच्या खोलीत, बोर्डाच्या खुद्द कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या. पडद्यावर अक्षरं आली.

'दिसतंय. किंचाळला नाही मेला. मला आवडत होतं त्याचं किंचाळणं.'

'तुम्हाला कुठं ऐकू येत होतं?' वहिनींनी टाइप केलं.

'टेबल थरथरायचं. पट्टा दे.'

वहिनींनी पट्टा पाठवला, आणि तिथं माशी शिंकली.

वन्सं तेव्हा आयुष्यातली सर्वांत मोठी चादर विणत होत्या. नक्षी त्यांचीच. खाली नागमोडी काठ, वर लव्हाळी, मग काळंभोर पाणी, आणि पाण्यात उभे पांढरे बगळे. फाइल निघाली, काठ गेला, लव्हाळी गेली, आणि पाणी सुरू झालं तिथं अडकली. पुन्हा पाठवली, पुन्हा तिथंच. वन्संचा कॉम्प्युटर दहा वेळा मागायचा आणि अकराव्यांदा नाद सोडायचा.

'निरोप येतात, चादर येत नाही,' वन्संनी लिहिलं. 'तुझ्या इंटरनेटला पाण्याची भीती वाटते का? माझं ऐक. ज्या दिवशी माझी चादर या वाटेनं येईल आणि परत जाईल, एकही टाका न गळता, त्या दिवशी मी म्हणेन वाट खरी. नाहीतर पोराबरोबर जाते. भिंतीकडं बघत बसायचंच झालं तर ती चौथ्या मजल्यावरही आहे.'

वहिनींना आधी राग आला आणि मग भीती वाटली, कारण वन्सं पोकळ धमक्या देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी कंबर कसली. फाइलचा वेग कमी केला, वाढवला. पेटी बदलून पाहिली. केबल बदलली. एक दिवस वैतागून खोलीतला दिवा बदलला. बोर्डाचा प्रोग्राम त्यांनीच ठिगळं लावत लावत सांभाळलेला; त्यातली ठिगळं उसवून पुन्हा शिवली. निरोप झरझर जात. फाइल लव्हाळ्यांपर्यंत येई आणि पाय भिजतील म्हणून थांबे. शिंपिणीला सांगून पाहिलं तर तिची जाळीची नक्षी एका दमात उतरली. नर्सबाईंची ठिपक्यांची नक्षीही उतरली. म्हणजे वाट सगळ्यांना मोकळी, आणि वन्संशीच तिचं वाकडं.

"तुझ्या वाटेनंही ताईचा स्वभाव ओळखला," यजमान दारातून म्हणाले. ते दातांच्या कवळ्या बनवत. पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि हातातल्या जबड्यासकट ते अधूनमधून येऊन शेरे मारून जात.

"अहो, तुमची बहीण घर सोडायला निघालीय आणि तुम्हाला विनोद सुचतायत."

बहिणीचं घर म्हणजे यजमानांचंही लहानपण होतं. जबडा खिडकीत ठेवून ते वहिनींच्या शेजारी स्टुलावर बसले. "तू सगळंच घासत बसलीयस," ते म्हणाले. "माणूस येतो, कवळी टोचते म्हणतो. मी सगळी कवळी घासली तर खुळखुळा होईल. मी निळा कागद देतो, म्हणतो चावा. जिथं टोचतं तिथं निळा डाग पडतो. तेवढंच घासायचं. तुझी चादर टोचते कुठं?"

"सांगितलं ना, पाण्यापाशी."

"पाण्यात कुठं?"

ते वहिनींना माहीत नव्हतं.

मग निळा कागद त्यांनी असा घेतला. वन्संच्या नक्षीला हात न लावता लहान लहान नकली नक्ष्या आखल्या, हातरुमालाएवढ्या. मशीनच्या लेखी टाक्याला दोनच रूपं, काळा नाहीतर पांढरा. असे आठ टाके एका पुडीत बांधले जातात, आणि पुड्यांचे गठ्ठे करून पाठवले जातात. पहिला रुमाल सगळा पांढरा, गेला. दुसरा बुद्धिबळाच्या पटासारखा, गेला. तिसरा सगळा काळा. पहिल्याच ओळीला अडकला.

वहिनींनी लगेच चौथा रुमाल आखला. दर पुडीत सात टाके काळे आणि एक पांढरा.

"एकच दात उरला," यजमान पुटपुटले.

रुमाल सुळकन गेला.

म्हणजे टोचत होती ती आठही टाके काळे असलेली पुडी, आणि तीच एक. जाळीत ती नव्हती, ठिपक्यांत नव्हती, निरोपांत तर नव्हतीच. पाण्यात तीच ती होती, ओळीवर ओळ.

आता एक सोपी पळवाट समोर आली होती, आणि महिनाअखेर तर डोक्यावर बसलेली. त्या संध्याकाळी वहिनींनी जरा लाडीगोडी लावून लिहिलं: 'वन्सं, पाण्यात दर आठ टाक्यांमागं एक पांढरा टाका टाकला तर चादर आजच येईल. लाटांवर चमक आल्यासारखं दिसेल.'

उत्तर यायला वेळ लागला नाही. 'चमक नाही, उवा दिसतील. माझ्या पाण्यात बगळे आहेत, उवा नाहीत. एकही टाका न गळता म्हटलं होतं. विसरलीस?'

'विसरले नाही.'

'मग कामाला लाग.'

वहिनींनी पडद्याकडं पाहून ओठ आवळले. राग आला तो स्वतःचा. टाका बदलून वाट सोपी करायची, हे एक्स्चेंजमध्ये कोणी सुचवलं असतं तर त्यांनीच त्याला फैलावर घेतलं असतं.

या वाटेचे नियम ज्यांनी केले त्यांनी ते नीट लिहून ठेवले होते, आणि वहिनींनी ते वाचलेही होते. 'एक अक्षर हुकुमासाठी राखीव' हे वाक्य त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. डोक्यात मात्र शिरलं नव्हतं. आता त्या पानावर बोट ठेवून बसल्या. राखीव अक्षर म्हणजेच ती आठ काळ्यांची पुडी. ती एकटी आली की पेटीला वाटायचं, हा आपल्याला हुकूम. मग ती पुडी गिळून टाकायची आणि कधी पुढचीही घ्यायची; पाण्यात तर ओळीनं काळ्याच पुड्या, तिथं दर दोनांतली एक जायची. गठ्ठा कमी भरायचा, वन्संचा कॉम्प्युटर परत मागायचा, परत कमी भरायचा. उपाय त्याच पानावर खाली होता. तो माल असेल तर लागोपाठ दोनदा पाठवा, पेटी एक ठेवून घेईल आणि एक पुढं देईल.

"म्हणजे कसं?" यजमानांनी विचारलं.

"दारात उभं राहून नुसतं 'या' म्हटलं तर साहेबानं कारकुनाला बोलावल्यासारखं वाटतं. 'या, या' म्हटलं की माणूस चपला काढतो."

"एवढंच?"

"एवढंच. मी इतके दिवस कारकुनासारखं बोलावत होते तुमच्या बहिणीच्या चादरीला."

एवढंच म्हणायला ठीक, करायला नाही. पहिल्या झटक्यात वहिनींनी पुड्या गठ्ठ्यात भरतानाच दुप्पट केल्या. मोजणी इकडं जुळली, तिकडं पेटीनं एकेक काढून घेतल्यावर पुन्हा कमी. चादर पुन्हा पाण्याशी अडली, आणि वन्संनी एक शब्द न लिहिता बोर्ड सोडला. वहिनी उठल्या, तोंड धुतलं, परत बसल्या. गठ्ठा बांधायचा, मोजायचा, शिक्का मारायचा, आणि मग अगदी उंबऱ्यावर, बाहेर पडता पडता, काळी पुडी दोनदा द्यायची. परत येणाऱ्या मालाला तोच उंबरा, उलट बाजूनं. दोन आल्या तर एक आत घ्यायची. सगळ्या प्रोग्राममध्ये बदलल्या त्या चार-सहा ओळी. इतक्या दिवसांत उसवलेली बाकीची ठिगळं वहिनींनी जशीच्या तशी परत लावून टाकली.

शेवटच्या दोन संध्याकाळी उरल्या होत्या तेव्हा पट्टा निघाला. काठ गेला. लव्हाळी गेली. पाणी आलं. मोजणारा आकडा क्षणभर थबकला आणि वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली. आकडा पुढं सरकला, आणि सरकतच राहिला. मग वन्संनी तोच पट्टा परत पाठवला. वहिनींनी मूळ फाइल आणि परत आलेली फाइल एकीवर एक ठेवून तपासली. एकाही टाक्याचा फरक नव्हता. यजमानांनी डोळे पुसले आणि कवळीच्या पावडरीला दोष दिला.

'बगळ्यांचे पाय ओले झाले,' वन्संनी लिहिलं. 'वाट खरी. येईन.'

भाच्याला मात्र एवढ्यानं भागेना. माणूस हिशेबी. "मामी, लाइन अजून चालू आहे तोवर सगळं ठीक. लाइन बंद झाल्यावर पहिल्या संध्याकाळी ती आली तर राहील. मी त्या दिवशी तिकडंच निघालोय. वाटेत तुला फोन करीन. आली नसेल तर पोचल्यावर सामान बांधतो."

"आणि आली असेल तर?"

"तर रात्रीची भाकरी खाऊन परत येतो."

तो दिवस उजाडला. दुपारी मोडेमचा हिरवा दिवा गेला. वहिनींनी त्याच्यावर एक फडकं घातलं, त्यांना त्याच्याकडं बघवेना. दिवेलागणी झाली. रोज त्या बोर्डाच्या आत न शिरता, मालकिणीच्या पडद्यावरून लक्ष ठेवत. आज त्यांना वाटलं, पहिला दिवस आहे, यजमानिणीनं बाहेर येऊन बसावं. म्हणून त्याच कॉम्प्युटरवरून पुढच्या दारानं, सभासद म्हणून त्या आत आल्या आणि वाट बघत बसल्या.

बाहेरून कोणी दारापाशी आलं की कॉम्प्युटर टिंग करी. टिंग झालं. वहिनी सरसावल्या. आत कोणी आलं नाही. पुन्हा टिंग. पुन्हा कोणी नाही. थोड्या वेळानं पुन्हा.

"काय होतंय?" यजमान म्हणाले.

"जोडली जातेय आणि तुटतेय," वहिनी म्हणाल्या. "दारातच तुटतेय. माझंच काहीतरी चुकलं. मी उंबरा बदलला ना."

खिशातला फोन वाजला. भाचा होता. "मामी, मी स्टेशनवर उतरलो. आई आली?"

वहिनींना खोटं बोलता आलं असतं. कोण विचारायला येणार होतं? पण पंधरा-सोळा वर्षं त्या 'आली' म्हणाल्या ते आली होती म्हणूनच, आणि म्हणूनच त्या शब्दावर तो झोपत होता. "अजून नाही," त्या म्हणाल्या.

"बरं." तो म्हणाला, "दोरी घेतलीय मी. खोकी बांधायला."

फोन ठेवून वहिनी ताडकन उठल्या. "तुमचा कॉम्प्युटर द्या."

यजमानांच्या पुढच्या खोलीत हिशेबाचा एक कॉम्प्युटर होता. वहिनींनी साच्यांची खोकी बाजूला सारली आणि त्याच्यावरून, परक्या बाईसारखं, आपल्याच बोर्डाचं दार ठोठावलं. मागच्या खोलीत टिंग वाजलं. पडदा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं घर बाहेरून पाहिलं.

'एका वेळी एकीनंच यावं. आत कोणी असेल तर थांबावं.' आणि त्याखाली, इंटरनेटच्या दारानं आपणहून जोडलेली एक नवी ओळ: 'आत सध्या: एक जण.'

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आत मी आहे."

"मग?"

"मग त्या सगळ्या बाहेर थांबल्यात!"

यजमानांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. लाइन होती तोवर ही पाटी कोणी वाचलीच नव्हती. आज पहिल्यांदा आत कोणीतरी असताना दार दिसत होतं, आणि पंधरा-सोळा वर्षांचं वळण पडलेल्या त्या बायका पाटी वाचून, दुसरीची पाळी मोडायला नको म्हणून, पाय न वाजवता मागं फिरत होत्या. वन्सं आल्या होत्या. कितीदा तरी आल्या होत्या.

वहिनींनी आधी विचार केला, आपण बाहेर पडावं म्हणजे वन्सं आत येतील. हात तिकडं गेलाही. मग त्या थांबल्या. बाहेर कशाला पडायचं? वाट आता एका तारेची राहिली नव्हती. त्या मागच्या खोलीत धावल्या, आपल्या हातानं लिहिलेला नियम आपल्या हातानं पुसला, आणि त्या जागी लिहिलं: 'या, या. आत कोणी असलं तरी या.'

टिंग झालं.

'इतका वेळ कोण बसलं होतं गं आत?' वन्संनी लिहिलं. 'माझी पाळी आहे. चहा गार झाला दोनदा.'

'मी होते, वन्सं. तुमचीच वाट बघत.'

'तू आत, मी बाहेर, दोघी एकमेकींची वाट बघतोय. शहाण्याच आहोत आपण. पट्टा दे.'

पट्टा निघाला. तो पाण्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच पुन्हा टिंग झालं आणि शिंपीण आत आली. तिच्यामागं नर्सबाई. 'आत कोणी असलं तरी या' हे नक्की खरं आहे का, असं विचारत आणखी दोघी. पडदा भरून गेला. वन्संची अक्षरं एकदम थांबली. वहिनींना वाटलं, झालं, भडकल्या आता. आपल्या पाळीत दुसरीला सोसणारी बाई नव्हे ती.

'शिंपीण का तू?' अखेर अक्षरं आली. 'इतकी वर्षं तुझं नाव सकाळच्या निरोपात वाचतेय. तुला बघितलं नव्हतं कधी असं, बोलताना. हळू टाइप करा गं सगळ्या. माझी नजर पुरत नाही. पण जाऊ नका.'

वहिनींनी चष्मा काढला. 'जाऊ नका' हे शब्द वन्संच्या बोटांतून त्यांनी कधी वाचले नव्हते.

बायकांना मग ऊत आला. बगळ्यांची चोच कशी वळवली, रात्रपाळीत लोकर कुठं लपवायची, कोणाचा नवरा कशाला कटकट करतो. मध्येच पट्टा पुरा झाल्याची खूण आली, आणि ती कोणी पाहिलीसुद्धा नाही. वहिनींनी पाहिली.

खिशातला फोन वाजला तेव्हा बाहेर पार काळोख झाला होता.

"मामी, मी आईकडं पोचलो." भाच्याचा आवाज जरा विचित्र येत होता, हसू दाबल्यासारखा. "ती वळून बघायलासुद्धा तयार नाही. पाटीवर लिहून दाखवलं, आई मी आलोय. तर म्हणाली, गर्दी आहे, बस जरा."

"आणि सामान?"

"कसलं सामान? माझ्या हातात दोरी बघितली आणि काढूनच घेतली. ती नवी पेटी टेबलाच्या पायाला बांधून टाकलीय तिनं, चार वेढे देऊन. म्हणते, कोणी काढून नेली तर?"

वहिनी हसत सुटल्या.

"मामी? आहेस ना?"

"आहे. गाठ घट्ट आहे का बघ," त्या म्हणाल्या. "आणि भाकरी खाऊन घे. ती आज लवकर उठायची नाही."